जुन्या डिस्कवरचे चेहरे

माझा थोरला भाऊ गावात फोटो स्टुडिओ चालवतो. परवा दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांची बायको नुकतीच वारली होती. मुलीच्या लग्नात दादाने काढलेला बायकोचा फोटो त्यांना मोठा करून हवा होता.

फोटो जुन्या हार्ड डिस्कवर होता आणि ती आठवडाभर टकटक वाजत होती. मीच म्हटलं, "आधी सगळं नव्या डिस्कवर उतरवू, मग शोधू." काका बाकावर बसले. नवी डिस्क मी बसवली खरी, पण कॉम्प्युटर तिला ओळखेचना. वायर बदलली, तो पुन्हा पुन्हा चालू केला. दादा मागून विचारायचा, "दिसली का रे?"

तासाभराने लक्षात आलं की कोरी डिस्क आधी फॉरमॅट करावी लागते. केली, आणि ती पडद्यावर आली. जुनी मात्र दिसेना. तिची टकटकही थांबली होती; ती कायमची बंद पडली होती.

समोर नव्या डिस्कवर रिकामी जागाच जागा होती. माणूस गेलं तरी चेहरा कुठेतरी ठेवलेला आहे, या भरवशावर आपण किती निर्धास्त असतो! ते कुठेतरी म्हणजे तळहाताएवढा एक डबा.

दादा बाकापाशी गेला. "काका, फोटो गेले सगळे."

"घरी एकही नाही हो तिचा," ते म्हणाले, आणि बसूनच राहिले.