वठलेल्या लिंबाला शेंदूर

धारूरच्या उतारावर आमचं रान आहे आणि त्याच्या बांधावर एक वठलेला लिंब. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यात सुतार पक्ष्याच्या जोडीनं घर केलं. पाठ सोनेरी पिवळी, डोक्यावर लालभडक तुरा. मी खुरपं टाकून बघत बसायचे. दोघं आळीपाळीनं खोडाला चिकटायची आणि अशी ठोकायची, की बुंध्याशी ढलप्यांचा सडा पडायचा. आमच्या घराचं दार बसवायला सुताराकडे किती हेलपाटे घातले ते मला विचारा. इथं न बोलावता आलेले कारागीर माणसाच्या डोक्याच्या जरा वर गोल, गुळगुळीत दार पाडून मोकळे! बाई गं, काय ते काम! त्यांना असलं मऊ पडलेलं लाकूड लागतं, आणि आमच्याकडे वठलेलं झाड म्हणजे नुसतं जळण. आसपासच्या बांधांवर तेवढं एकच उरलं होतं.

होळी आली तेव्हा आत पिल्लं होती. होळीसाठी कुणाच्याही रानातलं वाळलं झाड न विचारता तोडायचं आणि मालकानं हूं की चूं करायचं नाही, ही आमच्या गावची रीत. मी घरात नुसती आदळआपट करत होते. आमचे हे मात्र काही न बोलता गेले आणि झाडाखालच्या दगडाला शेंदूर फासून आले. चार माणसांत कधी तोंड न उघडणारा माणूस, आणि त्याला हे सुचावं! त्या दिवशी मी त्यांच्या ताटात तूप जरा सढळ हातानं वाढलं.

देवाच्या झाडाला कुऱ्हाड कोण लावणार? होळी झाली, लिंब राहिला. पण देव म्हटल्यावर माणसं यायचीच. आधी उदबत्त्या आल्या, मग घंटा. धूर वर गेला की सुतार चोचीत चारा घेऊन पलीकडच्या बाभळीवर अडकून पडायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. त्यात काहींनी ठरवलं, देवाच्या झाडाला भोक बरं दिसत नाही, सिमेंटनं बुजवू. एका सकाळी घमेलं, थापी, शिडी घेऊन मंडळी हजर.

मी पदर खोचून भांडायला निघाले, तर हेच पुढे झाले आणि खोडाला पाठ लावून उभे राहिले.

"शेंदूर म्या लावलाय," ते म्हणाले. "हितं देव न्हाई. आत पिल्लं हायती."

मग काय विचारता! कुणी शिव्या घातल्या, कुणी म्हणालं देवाची चेष्टा केली, आता घरादाराला भोगावं लागंल. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण जागचे हलले नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

गावातली एक म्हातारी गुडघे बरे व्हावेत म्हणून रोज तिथं पाया पडायला यायची. त्या दिवशी नारळ घेऊन आली होती. सगळ्यांना बाजूला सारत ती पुढे आली आणि खोडाला कान लावून उभी राहिली. आत पिल्लांची किरकिर चालली होती. तिनं बराच वेळ कान काढला नाही.

"देव न्हाई म्हणतोस," ती ह्यांना म्हणाली, "मग आत ह्ये कोण बोलायलंय?"

मग तिनं सगळ्यांना शिडी उचलायला सांगितलं. आवाजानं पिल्लं भ्यायला नकोत म्हणून नारळ न फोडता तसाच पदराखाली घेतला, आणि गुडघे धरत घराकडे गेली.