रस्त्यापलीकडचा गोलकीपर

आमच्या संस्थानाची हद्द मी एका लाथेत चेंडूने ओलांडू शकत असे. ज्याने देवास पाहिलेलं नाही त्याला हे सांगून पटत नाही. गाव एक, माताजीची टेकडी एक, पण बाजारातून जाणाऱ्या रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती आणि दुसऱ्या अंगाला धाकटी. दोन गाद्या, दोन दरबार, दोन कचेऱ्या. त्या अंगाला मारामारी लागली तर आमच्या अंगाचा शिपाई ओट्यावर तंबाखू मळत बघत बसे. ती त्याची रयत नव्हती.

आम्ही धाकट्या पातीतले. एवढ्याशा संस्थानाचा फुटबॉल क्लब, पण त्याने इंदूरची चांदीची ढाल लागोपाठ दोन वर्षं आणली. क्लबातली हल्लीची मुलं मला त्या दिवसांच्या गोष्टी विचारतात आणि पहिला गोलकीपर म्हणून माझंच नाव घेतात. मी आजवर त्यांना नाही म्हटलेलं नाही. माझं वय आता असं झालं आहे की लोक आपलं म्हणणं खरं धरून चालतात, म्हणून हे लिहून ठेवतो. पहिला गोलकीपर मी नव्हतो. त्याची जागा मी घेतली, आणि कशी घेतली हे फक्त मला ठाऊक आहे.

क्लब काढला तो आमच्या दरबारातल्या एका कारकुनांनी. त्यांनी महूच्या छावणीत गोऱ्यांचा खेळ पाहिला होता. ते क्लबाचे चिटणीस झाले आणि आम्ही कचेरीच्या आळीतली ब्राह्मणांची पोरं खेळाडू झालो. चेंडू आला आणि पहिल्याच दिवशी घरोघर प्रश्न उभा राहिला. चेंडू चामड्याचा होता.

"पायानं खेळतोस ते खेळ," आई म्हणाली. "पायात वहाणा घालतोसच. पण ज्या हातानं जेवतोस तो हात त्या कातड्याला लागला, तर मागल्या दारानं यायचं आणि विहिरीवर अंगावर घागर ओतून घ्यायची. पौषातसुद्धा."

सगळ्याच आयांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. त्यामुळे पायाने खेळायला सगळे तयार, पण खांबांमध्ये उभं राहून चेंडू हाताने धरायला कुणी तयार नाही. पागेतले दोघे मराठे आमच्यात होते. बाहेर गेलेला चेंडू ते हाताने आत टाकत, पण खांबांमध्ये उभं राहायला तेही राजी नव्हते. ती राखणदारी झाली, खेळ कसला, असं त्यांचं म्हणणं.

चेंडूचे टाके उसवले की तो शिवायला एक तरुण मोची येत असे. त्याचे पूर्वज आमच्याच पूर्वजांबरोबर दक्षिणेतून फौजेच्या मागून आले होते. ते खोगिरं शिवत, हा मोटा आणि वहाणा शिवी. बोलणं आमच्यासारखंच मराठी, मधूनमधून माळवी. एके संध्याकाळी तो चेंडू शिवून मैदानाच्या कडेला बसला होता. चिटणिसांनी त्याला हाक मारली.

"काय रे, तुला तर चामड्याला हात लावायला हरकत नाही ना?"

"मला कसली हरकत असणार, महाराज?" तो म्हणाला. आम्ही सगळे हसलो. तोही हसला.

असा तो उभा राहिला, आणि उभा राहिला तो भिंतीसारखा. ओल्या कातड्याची मोट विहिरीवरून ओढून ओढून त्याच्या हातांची पकड अशी झाली होती की चेंडू त्यांच्यात आला की आवाजसुद्धा होत नसे. एरवी तो आम्हाला महाराज म्हणे आणि चार पावलं दूर उभा राही. पण खांबांमध्ये गेला की त्याला आमच्या जातींचा विसर पडे. "भिया, सोड! माझा आहे!" असं तो ओरडे; भिया म्हणजे माळवीत भाऊ. "भिया, मागं बघ की, झोपलास काय!" चिटणिसांच्या भाच्यालासुद्धा. कुणी त्याला बोललं नाही. खेळ थांबला की तो पुन्हा महाराज म्हणायचा. जाताना चेंडू आमच्या हातात देत नसे. जमिनीवर ठेवी आणि बाजूला होई, मग आमच्यातला कुणी तरी तो पायाने ढकलत नेई. इतकी सवय झाली होती की यात काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

इंदूरला दिवाळीनंतर संस्थानांचे सामने होत. पहिल्या वर्षी आम्ही गेलो ते हसं होऊ नये एवढ्याच इच्छेने. पण त्याच्यामागे चेंडू जाईच ना. शेवटच्या सामन्यात धारवाल्यांना पेनल्टी मिळाली. त्यांचा एक उंच, डाव्या पायाचा फॉरवर्ड पुढे आला. चेंडू आमच्या याने पोटाशी धरला. ढाल आमची झाली.

आमच्या बैलांच्या दमण्या देवासात शिरल्या तेव्हा आमच्या अंगाच्या सगळ्या ओट्यांवर बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या. मिरवणूक अर्थातच रस्त्याच्या आमच्याच कडेने गेली. त्याचं घर पलीकडच्या अंगाला होतं. वळणावर आल्यावर तो मिरवणुकीतून बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून घरी गेला. मी ते पाहिलं आणि पुढे चालू लागलो. पुढे हेच पाहिलेलं माझ्या कामी आलं.

ढाल आली आणि सगळं बदललं. ज्या घरांतून आमच्या क्लबाला नाकं मुरडली जात, त्या घरांतली मुलं खेळायला येऊ लागली. ती चपळ होती. मी मधल्या फळीत, हाफला खेळत असे आणि खरं सांगायचं तर सुमार होतो. माझी जागा जाणार हे मला दिसत होतं. मैदानावर माझं नाव होतं तेवढंच माझं नाव होतं. कचेरीत मला कुणी विचारत नव्हतं.

एके दिवशी चिटणीस मला म्हणाले, "तुझे हात लांब आहेत. गोलकीपर हो."

"पण आई..." मी म्हणालो.

"खुळा आहेस. दरबार उद्या ढाल बघायला येणार, ढाल कुणी राखली म्हणून विचारणार. तिथं आपला माणूस नको? आणि खेळात कसलं आलंय सोवळं? लढाईत घोड्याचा लगाम कशाचा असतो?"

आश्चर्य म्हणजे आईनेही हेच म्हटलं. दरबाराचं नाव ऐकून ती म्हणाली, "लगाम तरी कशाचा असतो!" विहीर, घागर, मागचं दार, सगळं एका दिवसात गेलं.

"पण त्याला काय सांगायचं?" चिटणीस म्हणाले. "ढाल त्यानंच राखली म्हणतील लोक."

त्या वेळी जे निघालं ते माझ्या तोंडून निघालं. "तो रस्त्यापलीकडं राहतो ना? थोरल्या पातीतला. दुसऱ्या संस्थानचा माणूस आपल्या टीममधे कसा?"

चिटणीस क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी माझी पाठ थोपटली. "सांगून ये त्याला."

मी सांगितलं. तो दारात मोट शिवत होता. त्याने आरी खाली ठेवली. "खरंच की," तो म्हणाला. "माझ्या ध्यानातच नाही आलं." त्याच्या तोंडावर राग नव्हता, उलट स्वतःचीच चूक सापडल्यासारखा भाव होता. मी सुटलो असं वाटून घरी आलो.

पुढच्या आठवड्यात तो रस्ता ओलांडून आमच्या अंगाला राहायला आला.

त्याच्या बहिणीचं घर आमच्या बाजूला, मोचीवाड्याच्या टोकाला होतं. तिच्या पडवीत त्याने संसार आणला. डोक्यावर रापी, आरी आणि कातड्याचं भेंडोळं, मागे बायको, बायकोच्या मागे म्हातारी आई कोंबड्यांची पाटी घेऊन. त्या अंगाच्या पागेचं आणि शेतकऱ्यांचं बांधून दिलेलं काम त्याच्या घराण्याकडे आजा-पणजापासून होतं. रस्ता ओलांडला तसं ते गेलं. संध्याकाळी तो मैदानावर आला, तोंडभर हसत.

"आलो महाराज, धाकट्या पातीत!"

चिटणिसांनी घसा खाकरला. "असं एकदम रयत होता येत नाही रे. दरबारात अर्ज, चौकशी... एखादं वर्ष जाऊ दे. तोवर याला शिकव." हा म्हणजे मी.

त्याने मला शिकवलं. माझा कोपर धरून दाखवणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून तो समोर उभा राहून आरशासारखा हात हलवी आणि मी त्याचं बघून हलवी. "बोटं पसरा. चेंडू धरायचा नाही, त्याला घरात घ्यायचं." आपण एक वर्षापुरता मला तयार करतो आहोत, अशी त्याची पक्की समजूत होती. काम गेल्यामुळे घरात ओढाताण होती, ते त्याच्या गालांवर दिसत होतं. तो चेंडू शिवून आणी, जमिनीवर ठेवी, बाजूला होई. आता मी तो हातांनी उचलत असे. चामड्याचं सोवळं उरलं नव्हतं. त्याच्या हातातून घेण्याचं तेवढं उरलं होतं. हे तेव्हाच मला दिसलं आणि तरी मी वाकून उचलत राहिलो.

दुसऱ्या वर्षी इंदूरला तो चेंडूंची देखभाल करायला म्हणून आला. आम्ही दमण्यांत, तो पायी. शेवटचा सामना पुन्हा धारवाल्यांशीच पडला. आम्ही एका गोलने पुढे होतो आणि खेळ संपत आला असता त्यांना पेनल्टी मिळाली. तोच उंच फॉरवर्ड पुढे आला. तेवढ्यात खांबांच्या मागून, अगदी माझ्या पाठीशी, आवाज आला.

"भिया, डावीकडं!"

मी डावीकडे झेप घेतली. चेंडू माझ्या हातांत येऊन बसला.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. चिटणीस ओरडत होते, "अरे, कळलं कसं तुला? कळलं कसं?" मी वरून मागे पाहिलं. खांबाला टेकून तो उभा होता आणि दोन्ही हात वर करून नाचत होता.

"मला आतून वाटलं," मी म्हणालो.

हे वाक्य पुढे गावभर झालं. माझ्या लग्नात व्याह्यांनी ते पंगतीत सांगितलं. दरबारातून मला पागोटं मिळालं, मग कचेरीत बढती. आजही मुलं म्हणतात, काका, ते आतून वाटल्याचं सांगा ना.

तो आणखी वर्षभर अर्जाची वाट बघत राहिला. थोरल्या पातीच्या लोकांनीही क्लब काढला होता. त्यांच्याकडे तो एकदा गेला तेव्हा त्यांनी ऐकवलं, "तू तर आमची पाती सोडून गेलास, आता त्यांच्याचकडं जा की, भिया!" मग एक दिवस चेंडू शिवायला दुसराच माणूस आला. पहिला कुठे गेला ते मी विचारलं नाही.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. मुलीसाठी स्थळ बघायला मी सोनकच्छला गेलो होतो. ते तिसऱ्याच संस्थानात. बाजारात माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. धान्याच्या पालांच्या पलीकडे एकजण मोट शिवत बसला होता. दोरा ओढायची त्याची तऱ्हा बघून मी जागच्या जागी थांबलो. केस पांढरे, पाठीला बाक आलेला.

"बसा महाराज," तो म्हणाला. वहाण घेतली, उलटीपालटी केली, मग वर पाहिलं. "देवासचे ना? ढाल आहे का अजून?"

"आहे," मी म्हणालो. मग एका पायाने अनवाणी, पोत्यावर बसून, मी म्हणालो, "त्या दिवशी तू मागून ओरडलास म्हणून चेंडू धरला. मी कुणाला सांगितलं नाही."

त्याचा हात थांबला. "तुम्ही ऐकलं होतं?" तो म्हणाला. "मला वाटायचं, गर्दीत ऐकू गेलं नसेल. तुम्ही आपणहूनच तिकडं गेलात म्हणायचे सगळे." त्याचा चेहरा उजळला. तो उजळला तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तो पुन्हा शिवू लागला. थोड्या वेळाने, मान वर न करता, त्याने विचारलं, "एक विचारू? अजून एखादं वर्ष राहिलो असतो तुमच्या अंगाला, तर मला धरलं असतं का टीममधे? बायको म्हणायची, थांबा. मीच निघालो."

मला "हो" म्हणता आलं असतं. म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "कधीच धरलं नसतं. अर्ज कुणी केलाच नव्हता. आणि रस्त्याची गोष्ट चिटणिसांची नव्हती. ती मी काढली होती. मला ती जागा पाहिजे होती."

त्याने टाका पुरा केला, दोरा रापीने तोडला, वहाणेवरची धूळ तळव्याने पुसली. मी दोन्ही हात पुढे केले. बाजारात माणसं होती, बघत होती, आणि मी हात तसेच धरून ठेवले. त्याने माझ्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. मग वहाण माझ्यासमोर जमिनीवर ठेवली आणि मोट पुन्हा मांडीवर ओढली.

मी वाकून ती उचलली.