एका टेबलाच्या दोन संघटना

जांभूळच्या धर्मेश केणेला उल्हासनगरच्या त्याच्या कॉलेजात सगळे अध्यक्ष म्हणत. प्राध्यापक म्हणत, शिपाई म्हणत, कॅन्टीनचे सिंधी मालक साईं तर लांबूनच हाक मारत. कसला अध्यक्ष, हे मात्र पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगावं लागे. एका मोठ्या पक्षाच्या पदराखाली 'युवा हुंकार विद्यार्थी मंच' नावाची संघटना होती आणि ती धर्मेश गेली सात वर्षं चालवत होता. आता कॉलेजात सात वर्षं राहायचं म्हणजे शिकत राहणं आलं. म्हणून गड्याने आधी बी.कॉम. सावकाश केलं, मग इतिहासात एम.ए. केलं आणि सध्या राज्यशास्त्रात दुसरं एम.ए. चालू होतं. विद्येची एवढी गोडी आमच्या भागात दुसऱ्या कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही.

कॉलेजातल्या निवडणुका कित्येक वर्षांपासून बंद होत्या. पण धर्मेशचं म्हणणं असं, की त्या कधीही लागू शकतात आणि लागल्या तर आपण गाफील सापडता कामा नये. त्या न लागलेल्या निवडणुकीची तयारी तो मनापासून करत असे.

तो नुसताच मिरवत होता असं मात्र कुणी समजू नये. जूनमध्ये गेटसमोर टेबल टाकून त्यावर मोठी छत्री उभी करायची आणि अॅडमिशनला आलेल्या बावरलेल्या आईबापांना रांगा दाखवायच्या, हे काम तो घरचं कार्य असल्यासारखं करी. मुरबाडकडच्या एका मुलाचा निकाल विद्यापीठात अडकला, तेव्हा धर्मेश त्याच्यासोबत मुंबईला इतक्या खेपा घालून आला, की तिथला शिपाई त्यालाच नापास समजायला लागला. निकाल शेवटी सुटला. त्याचा मात्र फोटो काढायचा राहून गेला आणि ही हळहळ धर्मेशला बरेच दिवस पुरली.

कारण फोटोशिवाय संघटना चालत नाही. प्राचार्यांना निवेदन द्यायची तर एक रीतच ठरलेली होती. कागद एक आणि त्याला हात लावणारे अकरा. एक टोक प्राचार्य धरणार, दुसरं अध्यक्ष, आणि उरलेले सगळे अध्यक्षांच्या कोपराला हात लावणार, पालखीला लावावा तसा. फोटो झाला की प्राचार्य आश्वासन देत आणि चहा मागवत. चहा चांगला असे.

या सगळ्यात धर्मेशचा उजवा हात म्हणजे कुळगावचा आकाश. तो उपाध्यक्ष. धर्मेशकडे आवाज होता आणि आकाशकडे मजकूर. भाषण आकाश लिही, धर्मेश ठोके, आणि टाळ्या दोघं वाटून घेत. दोन वर्षं आकाश दुपारचं जेवण जांभूळला केण्यांच्या घरीच जेवला. त्याला बहीण नव्हती, म्हणून धर्मेशची बहीण करिष्मा त्यालाही भाऊबीजेला ओवाळी. आणि ओवाळणीत तो पुस्तकं देतो, असं तिचं गाऱ्हाणंही असे.

मग एका सकाळी पक्षच फुटला. फुटला तो तिकडे वर, पण हादरा आमच्याकडेही बसला. अंबरनाथचे पुढारी हरिचंद्रशेठ एका गटात गेले आणि बदलापूरचे हिंदुरावदादा दुसऱ्या. शेठ म्हणजे मूळचे धर्मेशच्या गावकीतले, जांभूळच्या देवळासमोरचा मंडप त्यांनी उभा करून दिलेला. आणि आकाशची आई आजारी पडली होती, कुठेच खाट मिळत नव्हती, तेव्हा हिंदुरावदादांच्या एका फोनवर ती मिळाली होती. दोन्ही पोरं कृतज्ञ होती. त्यांचं चुकलं असेल तर एवढंच, की त्या दोघांनी ते भांडण स्वतःचं मानलं.

"तू शेठकडेच जाणार ना?" आकाशने विचारलं.

"तू दादांना सोडणारेस का?"

"नाही."

"मग झालं तर."

झालं म्हणजे वाटणी झाली. झेंडे अर्धे अर्धे झाले. कर्णा आकाशकडे गेला आणि त्याचा चार्जर धर्मेशच्या बॅगेत राहिला. कुणीच मागायला जाईना. संघटनेचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्याचं नाव आकाशने 'युवा हुंकार (मूळ)' केलं. अर्ध्या तासाने धर्मेशने ते 'युवा हुंकार (खरा मूळ)' केलं. दिवसभर नाव बदलत राहिलं आणि ग्रुपमधली पोरं खाली विचारत राहिली, की केटीचा फॉर्म कधी सुटणार. त्याचं उत्तर मात्र दोन्ही मूळ संघटनांपैकी कुणी दिलं नाही.

कॅन्टीनमधलं खिडकीजवळचं टेबल हेच संघटनेचं कार्यालय होतं. त्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न साईंकडे गेला. साईंच्या वडिलांनी फाळणीच्या गोष्टी सांगून सांगून त्यांना मोठं केलेलं. त्यांनी दाल-पकवानाची ताटली खाली ठेवली.

"देखो बेटा," ते म्हणाले, "टेबल मैं नहीं काटूँगा। सुबह एक बैठो, दोपहर को दूसरा। और दोनों मिलके एक प्लेट में खाओ, तो भी मेरे को चलेगा।"

पोरांनी वेळा वाटून घेतल्या. शेवटचं वाक्य दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

कार्यकर्ते होते अकरा. त्यांतले बरेचसे सकाळी एका संघटनेत आणि दुपारी दुसऱ्या संघटनेत बसू लागले, कारण चहा दोन्हीकडे मिळे. सचिव असलेल्या तेजलने तर सरळच सांगितलं, "मी दोन्हीकडे सचिव. तुम्हा दोघांचं अक्षर कुणाला वाचता येतं का? उगाच टेन्शन देऊ नका."

ऑगस्टात मुलींच्या कॉमन रूमचा पंखा पडला. नशिबाने खाली कुणी नव्हतं. दोन्ही संघटनांनी एकाच दिवशी, एकाच गेटवर, एकाच मागणीसाठी आंदोलन जाहीर केलं. मधे मोकळी जागा सोडून दोन घोळके उभे राहिले. घोषणाही त्याच, कारण त्या सगळ्या आकाशनेच कधीकाळी लिहिलेल्या. आकाशच्या कर्ण्याने दोन घोषणांत मान टाकली. चार्जर कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. धर्मेशला कर्ण्याची गरज नव्हती, तो एका खुर्चीवर चढला आणि भाषण ठोकू लागला. भाषण मागच्या वर्षीचं होतं, तेही आकाशचंच. "या भिंतींना कान आहेत, पण," इथवर धर्मेश दणक्यात आला आणि अडकला. पुढचं आठवेना. त्याने पुन्हा भिंतींपासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला. पोरं खाली बघू लागली.

"पण प्रशासनाला नाहीत," पलीकडून आकाश म्हणाला. सवयीने निघून गेलं त्याच्या तोंडून. आणि मग स्वतःच्याच घोळक्याकडे बघून तो कानापर्यंत लाल झाला.

टाळ्या पडल्या, दोन्हीकडून. प्राचार्यांनी दोन निवेदनं घेतली, दोन फोटो काढू दिले आणि चहा मात्र एकच मागवला. दोघांनी तो पाठीला पाठ लावून प्यायला. त्या दिवशी धर्मेशला वळून नुसतं 'थँक्यू' म्हणायचं होतं. अध्यक्षपद, शेठ, एम.ए., सगळं एका बाजूला आणि हा आकाश एका बाजूला, असं तराजूत घातलं असतं तर पारडं कुठे झुकलं असतं हे त्याला पक्कं माहीत होतं. पण तो वळला नाही. अध्यक्षांनी आधी वळायचं नसतं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं.

आणि अशात करिष्माचं लग्न निघालं.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मंडप, डीजे, धवल्यांची, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बाया, मटणाची ताटं आणि पुढाऱ्यांच्या भेटी. संध्याकाळी पुढारी गाडीत बसतात आणि या गावची हळद, त्या गावची हळद असं करत फिरतात. आले की डीजे थांबतो, माईकवर नाव पुकारलं जातं, शाल, श्रीफळ, फोटो, दोन घास आणि पुढची हळद. कुणाच्या हळदीला कोण दिसलं, यावरून दुसऱ्या दिवशी कोण कुणाच्या गटात ते ठरतं. धर्मेशने मंडपाच्या तोंडाशी बॅनर लावला होता. त्यावर हरिचंद्रशेठ पुरुषभर उंच होते आणि करिष्मा त्यांच्या खांद्यापाशी, पासपोर्टच्या फोटोएवढी. तिने तो बघितला आणि विचारलं, "दादा, हळद माझीच आहे ना?"

आकाशला आमंत्रण करिष्माने स्वतः फोन करून दिलं होतं. त्याचा निरोप धर्मेशला तेजलने कॅन्टीनमध्ये सांगितला. "तो म्हणतो, शेठ किती वाजता येणार आणि कधी जाणार तेवढं कळव. ते गेले की तो येतो. शेठसोबत फोटोत आला तर दादांची पोरं त्याला बाहेर काढतील."

धर्मेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या घरी यायला टाइमटेबल लागत असेल तर येऊच नको म्हणावं."

"हेच सांगू?"

"हेच सांग."

तेजल दोन्हीकडची सचिव. तिने हेच सांगितलं.

हळदीच्या दिवशी मंडपात गर्दी लोटली होती. धर्मेश खांद्यापर्यंत हळद माखून पाहुण्यांना खुर्च्या देत होता आणि दर पाच मिनिटांनी मंडपाच्या तोंडाकडे बघत होता. लोकांना वाटलं, शेठची वाट बघतोय. आई, तुळशी, हळदीचं ताट घेऊन आली आणि तिने सरळ विचारलं, "तुजा तो दोस्त कं नाय आला रं?"

"कामात असंल."

"दोन वर्सां माजे हातच्या भाकऱ्या खाल्ल्यान त्यानी. पोरीचे हलदीला काम निंगला त्याचा? तूच कायतरी बोललास. मना शिकवू नको." आणि ती निघून गेली. करिष्मा पाटावर बसली होती. तीही मंडपाच्या तोंडाकडेच बघत होती.

इतक्यात डीजे थांबला. मंडपाबाहेर पांढरी गाडी उभी राहिली. पुढच्या दारातून हरिचंद्रशेठ उतरले. धर्मेश शाल घेऊन धावला. आणि मागच्या दारातून हिंदुरावदादा उतरले.

माईकवाल्या पोराने कुणाचं नाव आधी घ्यावं या विचारात कुणाचंच घेतलं नाही. शेठनीच खुलासा केला, "अरे, रस्त्याला ट्रॅफिक किती! म्हटलं दोन गाड्या कशाला? दादांच्याही आजच्या हळदी याच बाजूच्या." दोघं एकाच बाजेवर बसले. दोघांना ताटं आली. दादांनी शेठच्या ताटातला मोठा तुकडा उचलून आपल्या ताटात घेतला आणि म्हणाले, "तुम्हाला डॉक्टरने सांगितलंय ना? गप भाकरी खा." शेठ हसले. ही दोघांची जुनीच तऱ्हा असावी. वाटणी झाली होती ती फक्त कॅन्टीनच्या टेबलाची.

धर्मेश शाल हातात तशीच धरून उभा होता. मग तो दादांसमोर वाकला. "दादा, आपला आकाश येणार होता. तुम्ही त्याला एक फोन केला असतात तर आला असता."

"कोण आकाश?" दादांनी विचारलं.

"कुळगावचा. तुमची विद्यार्थी संघटना बघतो. त्याच्या आईला तुम्ही खाट मिळवून दिली होती."

"हां, हां," दादा म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली. "असेल. पोरं खूप आहेत रे. कांदा आण जरा."

धर्मेशने कांदा आणला. दादांना दिला, शेठनाही दिला. मग त्याने शाल चुलत्याच्या हातात कोंबली, बाईक काढली आणि हळदीच्या हातांनीच कुळगाव गाठलं. राग होता तो दादांवरचा कमी, स्वतःवरचा जास्त.

आकाश इस्त्रीचा कुर्ता घालून घराच्या पायरीवर बसला होता. बाजूला पुस्तकांचं एक पुडकं होतं, रंगीत कागदात बांधलेलं. धर्मेशला बघून तो उठला नाही.

"चल," धर्मेश म्हणाला.

"शेठ गेले?"

"नाही. दादापण आलेत. एकाच गाडीतून."

"दोघं?"

"एका बाजेवर जेवतायत." सात वर्षांत भाषणांमधून तो पुष्कळ खोटं बोलला होता, पण ते सगळं माईकवर. असं समोरासमोर, एका माणसाशी, त्याला जमत नसे. "दादांनी तुझं नाव काढलं. म्हणाले, आकाशला बोलवा. म्हणून आलो."

आकाशने पुडकं उचललं आणि मागे बसला. कुळगाव मागे पडलं.

"दादांना माझं नाव माहीत नाहीये, धर्म्या," तो मागून म्हणाला. "मी त्यांना तीनदा भेटलोय. तीनदा नाव सांगितलंय."

धर्मेशने बाईक हळू केली नाही. वळूनही बघितलं नाही, पण ते रस्ता खराब होता म्हणून.

"करिष्माला माहीत आहे," तो म्हणाला. "पाटावर बसून वाट बघतीये."

आकाशने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. कुर्त्याच्या बाहीला हळद लागली.