नंबरबाईंची यादी

दवाखान्यात त्यांना सगळे नंबरबाई म्हणत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्यांची यादी दर सोमवारी छापून फळ्यावर लावायची, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. मी शेजारच्या टेबलावर केसपेपर काढतो. वशिला घेऊन आलेल्या भल्याभल्यांना बाईंनी वाटेला लावलेलं मी पाहिलंय. "आधी अर्ज, आधी नंबर," एवढंच त्यांचं उत्तर. मला या सचोटीचा रागच यायचा. माझ्या मावसभावालाही त्यांनी चार महिने ताटकळत ठेवलं होतं.

म्हणून त्या सोमवारी फळ्यापाशी गलका झाला तेव्हा मी लगबगीने गेलो. बाईंची सख्खी वहिनी गेल्या आठवड्यात एक्केचाळिसावी होती. आज तिसरी!

"दिव्याखाली अंधार," मी म्हणालो, बाईंना ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

मोठ्या डॉक्टरांनी बाईंना आत बोलावलं. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर टेबल सोडा. निवृत्तीला वर्ष उरलेलं. बाई बाहेर आल्या त्या तडक महिन्यापूर्वी आलेल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेल्या. बाईंना त्याचा संशय, त्याला बाईंचा आणि मला दोघांचा, म्हणून मीही मागोमाग गेलो.

"माझ्या यादीला हात कुणी लावला?"

"यादीला नाही हो. मशीन रखडतंय म्हणून तुम्हीच ओरडत होतात ना? शनिवारी मी वस्तीवार इंडेक्स केला, पुस्तकामागे सूची असते तसा. मशीन आता त्या सूचीवरून नावं उचलतं. तुमच्या वहिनींची वस्ती सूचीत पहिली, म्हणून तिथले सगळेच वर आले."

मी केसपेपर काढून पाहिले. पहिली अकरा नावं खरंच एकाच वस्तीतली होती. वहिनीचं नाव दिसल्यावर पुढचं वाचायची आम्हाला कुणालाच गरज वाटली नव्हती.

"पण अर्जाच्या तारखेने लाव, असं मशीनला सांगितलेलं आहे ना?" बाईंनी विचारलं.

त्याने पडद्यावर शोधलं. "नाही. कुणी कधीच सांगितलेलं नाही. थांबलेल्यांची नावं दे, एवढंच मागितलंय. आधी ते पहिल्या नोंदीपासून वाचत जायचं, म्हणून क्रम आपोआप जुळायचा."

त्याने तारखेची एक ओळ वाढवली आणि वहिनी छत्तिसावी झाली; आठवड्यात पाच शस्त्रक्रिया झाल्या होत्या, म्हणजे जिथे असायला हवी तिथेच. मोठ्या डॉक्टरांनी हात जोडले. मी ओशाळून चहा आणला. बाईंनी कप बाजूला सारला.

"आपोआप जुळायचा म्हणजे नेहमीच?"

कॉम्प्युटरवाल्याने डोकं खाजवलं. "बहुतेक वेळा. एखादी नोंद खोडली की रिकाम्या जागी नवी नोंद बसू शकते. मग ते नवं नाव वर दिसणार."

बाईंनी जुन्या याद्या आणि अर्ज काढले आणि तारखा ताडून पाहायला बसल्या. "सुटलात ना बाई? आता कशाला उकरताय?" मी म्हणालो. त्यांनी पुढची यादी ओढली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं बोट एका नावावर थांबलं.

नऊ वर्षांपूर्वीचं ते नाव त्यांच्या आईचं होतं. अर्ज एप्रिलचा, आणि नंबर जानेवारीत अर्ज केलेल्या एका शिंप्याच्या वर. पाळी मागे गेलेला तो शिंपी तोवर सुईत दोरा कसा ओवत असेल?

"पट्टी काढल्यावर आईने पहिलं काय विचारलं माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "तू काही केलं नाहीस ना गं? मी तिच्या गळ्याची शपथ घेतली होती."

आई जाऊन चार वर्षं झालेली. मला भडभडून आलं. "बाई, तो कागद फाडून टाका. कुणाला कळणार आहे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सोमवारी फळ्यापाशी मी त्यांच्याकडे पाहिलं होतं, अगदी तसंच.

"तुम्हाला कळलंय ना," त्या म्हणाल्या, आणि खुलाशाला तो कागद टाचून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.