ताईचं बीपी

ताई आणि मी एकाच कारखान्यात होतो. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पमध्ये, जीन्स शिवायचा कारखाना, वर पत्रे. ती मशीनवर बसायची आणि मी खाली बसून शिवून आलेल्या पँटींचे धागे कापायचे. ती माझी सख्खी मोठी बहीण. त्या कामाला मला तिनेच लावलं. दोघी अंबरनाथला शिवमंदिराच्या पलीकडच्या वस्तीत राहायचो, सकाळी एकाच शेअर रिक्षाने निघायचो. दाजींची कंपनी बंद पडली तेव्हापासून ते घरीच होते, त्यात पाठीचं दुखणं, मुलगी कॉलेजात होती. घर ताईच्या मशीनवर चालायचं.

त्या वर्षी एका संस्थेची माणसं आमच्या सेठना भेटायला आली. कामगारांना हृदयाचं दुखणं होऊ नये म्हणून त्यांचा कार्यक्रम होता. महिन्यातून एकदा कारखान्यात यायचं, बीपी बघायचं, ज्याला लागतील त्याला गोळ्या फुकट द्यायच्या आणि चार गोष्टी समजावून सांगायच्या. सेठ लगेच हो म्हणाले. त्यांचा धाकटा भाऊ दुकानात गल्ल्यावर बसल्याबसल्या हार्ट अटॅकने गेला होता. तेव्हापासून त्यांना या दुखण्याची धास्तीच बसली होती.

डॉक्टर मॅडम आल्या त्या तरुण होत्या, आणि आमच्यातच खाली बसल्या. जेवणाची सुट्टी होती. त्यांनी आमचे डबे बघितले: भाकरी, सुकट, खारातली मिरची, पापड. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एक मिरची कमी करा, पापड रोज नको. मीठ जास्त झालं की हृदयाला जोर लावावा लागतो."

ताई हसली. "मॅडम, हे मिरचीचं बोट लावल्याशिवाय घास उतरत नाही. भाजी कुठून आणायची रोज?"

"मग अर्धी मिरची," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मूठ वळून दाखवली, "एवढंच असतं हृदय." आम्ही सगळ्यांनी आपापल्या मुठी वळल्या. ताईची मूठ माझ्याहून लहान निघाली, त्यावरून बायकांनी तिची मस्करी केली.

पहिल्याच तपासणीत इस्त्रीवाल्या मामांचं बीपी फार वर निघालं. दिवसभर वाफेत उभं राहणारा माणूस, साठीच्या आसपासचा. मॅडमनी गोळी सुरू केली आणि सेठना सांगितलं की यांना जरा सावलीत, हलकं काम द्या. सेठ घाबरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना ऑफिसात बोलावलं. दार उघडंच होतं.

"मामा, आप घर पे आराम करो. मेरे यहाँ कुछ हो गया तो मैं अपने को माफ नहीं करूँगा."

"सेठ, मला काही होत नाही. हलकं काम द्या ना."

"हलका काम किधर है यहाँ? तबियत पहले."

त्यांनी मामांच्या हातात पगार ठेवला, वर मिठाईचा डबा ठेवला, खांद्यावर हात ठेवून त्यांना दारापर्यंत सोडलं. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही म्हणते. पण सगळ्यांना कळायचं ते कळलं होतं.

ताईचंही बीपी त्याच तपासणीत वर आलं होतं. मामांइतकं नव्हे, पण मॅडमनी तिला गोळ्या दिल्या होत्या. रिक्षात मी विचारलं, "गोळी घेतलीस?"

"कारखान्यात घेतली तर दिसेल."

"मग घरी घे."

"पुढच्या वेळी त्या परत बघणार, परत लिहिणार. माझंही नाव सेठकडे गेलं तर? तुझ्या दाजींना कोण बघणार? पोरीचं शेवटचं वर्ष आहे." मग म्हणाली, "मला काही होत नाहीये गं. चालताना दम लागतो तेवढाच."

पुढच्या महिन्यात मॅडम आल्या तेव्हा ताईने त्या दिवशी सुट्टी टाकली. ती एकटी नव्हती. कुणाचा पाहुणा आला, कुणाचं मूल आजारी पडलं. मॅडम रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिल्या. बायका का येत नाहीत ते त्यांना कळलं तेव्हा त्या सेठकडे गेल्या, कुणाचं नाव विचारू नका, कुणाला काढू नका, गोळी घेतली की माणूस काम करू शकतो, असं खूप समजावलं. सेठ हो हो म्हणाले. मामांना मात्र परत बोलावलं नाही.

मग मॅडमनी शिबिर आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात हलवलं, दर रविवारी. मला फार बरं वाटलं. पण इकडच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची. रविवारी आम्ही मशीनवर. मी मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी वर विचारलं हो. त्यांनी रविवारच ठरवलाय, स्टाफ तेव्हाच मिळतो." विहारात येत होते ते मागच्या नव्या बिल्डिंगीतले, सकाळी बूट घालून चालायला जाणारे. शिबिर चांगलं भरायचं म्हणे. फोटोही निघायचे. काही महिन्यांनी ते बंद झालं, मॅडमची बदली दुसऱ्या शहरात झाली.

ताईच्या गोळ्या तोवर कधीच संपल्या होत्या. सरकारी दवाखान्यात चल म्हणून मी तिच्या मागे लागायचे. शुक्रवारी ती कपडे धुवायची, दळण आणायची, दाजींना पाठीच्या डॉक्टरकडे न्यायची. "पुढच्या शुक्रवारी नक्की," म्हणायची.

लग्नसराईचा माल निघत होता तेव्हाची गोष्ट. दोन दिवस तिचा जबडा दुखत होता. तिला वाटलं दाढ आहे. लवंग धरून ती कामाला आली. पाठही भरून आली होती, ती मशीनमुळे रोजच भरायची. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. मशीनवर डोकं ठेवून पडली. आम्हाला वाटलं झोप लागली. सुट्टी संपली, सगळ्या मशीनी सुरू झाल्या, तिची झाली नाही, म्हणून शेजारणीने तिला हलवलं.

सेठनी स्वतः गाडी काढली. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. फाटकाजवळ ट्रॅफिक होता. सेठ हॉर्न वाजवत होते आणि रडत होते. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी तिचा हात उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सेठ घरी आले. दाजींसमोर हात जोडून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोलना चाहिए था ना. मैं आराम देता."

 ताईने का लपवलं, हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

भाची कॉलेज सोडून बदलापूरला एका दुकानात लागली. मी त्याच कारखान्यात आहे. ताईच्या मशीनवर दुसरी बाई बसते, चांगली आहे.

परवा पुन्हा एक टीम आली, दुसऱ्या संस्थेची. ताईच्या जाण्याचा सेठनी फार धसका घेतला आहे, म्हणून या वेळी तपासणी सगळ्यांना सक्तीची. सकाळपासून बायका एकमेकींना विचारत होत्या, काय खाल्लं तर बीपी खाली दिसतं? कुणी लसूण चावून आलेली, कुणी नवऱ्याची गोळी घेऊन आलेली. ताईच्या जागेवरची ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "माझं वर असतं. मी काय करू?"



तेवढ्यात माझा नंबर आला. एका मुलीने दंडाला पट्टा बांधला. मी विचारलं, "हे सेठना सांगणार?"

"रिपोर्ट तर द्यावाच लागतो, मावशी," ती गोड हसून म्हणाली. "तुमच्या भल्यासाठीच आहे."

पट्टा फुगू लागला होता. मी तो दुसऱ्या हाताने सोडवला, तिच्या टेबलावर ठेवला आणि धाग्यांच्या ढिगाकडे परत गेले.