मंगोलियातली थंडी

चिखलीच्या वाचनालयात दर रविवारी आम्ही आया मुलांसोबत देशोदेशीच्या गोष्टी वाचतो. तिथे येणारी एक बाई वाचता वाचता थांबते, "आता काय होईन बे?" असं पोरांना विचारते आणि स्वतःच आधी हसते. मंगोलियाची गोष्ट वाचताना भर उन्हाळ्यात तिने पदर गुंडाळून कुडकुडून दाखवलं. तीच गोष्ट मी आधी घरी वाचली, तेव्हा माझी लेक ऐकता ऐकता झोपून गेली होती. आता ती त्या बाईला बिलगून म्हणत होती, "काकू, मंग?"

बाईने माझा चेहरा पाहिला असावा. "तुह्या मम्मीले विचार, तिले माहीत हाय," म्हणत तिने पुस्तक माझ्या हाती दिलं. तो चांगुलपणा मला जास्तच झोंबला. मी वाचू लागले. लेक ऐकत होती, पण त्या बाईकडे बघत.