राक्षसाला पाय लागला

माझ्या आईनं राक्षस मारला, हे मी अकोल्यात भेटेल त्याला सांगत सुटले आहे. कोणी हसलं तर हसू दे. मी ताठ मानेनं सांगते, कारण त्या राक्षसानं मला स्वतःला महिनाभर रडवलं होतं.

आईचं अमरावतीला हार-फुलांचं दुकान. झेंडू, शेवंती घरच्या शेतातली, आणि ओवणारी ती. उन्हाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय लवकर सावरला, हात मात्र रुसला. हनुवटीच्या वर जाईना, बोटांत सुई धरवेना. दुकानाला कुलूप लावून मी तिला अकोल्याला माझ्याकडे आणलं. "नवरात्रात मले दुकानात बसाचं हाय," एवढंच तिचं पालुपद. आणि व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू तिनं पलंगाखाली लोटून दिलेला.

मला व्हिडिओ गेमचा जुना नाद. एका दुपारी वैतागून मी कंट्रोलरच तिच्या हातात कोंबला. डाव्या अंगठ्यानं गडी चालवायचा, उजव्यानं उडी मारायची.

"चेंडू नको ना तुले? मग हे दाब."

"हा काय पोरखेळ लावला वं?" म्हणाली, पण दाबलं.

खेळ सोपा. खड्डे चुकवत पुढं जायचं, आडवा येईल त्याच्या डोक्यावर उडी मारायची. आई खड्ड्यांत पडत, खड्ड्यांना शिव्या घालत शिकली. शेवटी पुलावर तो उभा असतो. ढेरपोट्या, सुळे बाहेर आलेले, खांद्यावर सोटा. त्याच्या डोक्यावर लागोपाठ तीन उड्या बसल्या की तो नदीत पडतो. मध्ये जरा थांबलं की सोटा आपल्या टाळक्यात.

आईची पहिली उडी अचूक बसली. आणि तिनं कंट्रोलरवरचा डावा हात काढून टीव्हीकडे नेला, मग कपाळाला लावला. तेवढ्यात राक्षसानं तिला सपाट केलं.

"अवं माय, हात काहून सोडला?"

"पाय लागला ना त्याले."

चुकून कोणाला पाय लागला की त्याला हात लावून नमस्कार करायचा, ही आमची सवय. आम्ही तर फुलांच्या टोपलीलाही करतो. पण राक्षसाला? आधीचे खेकडे-विंचू तिनं बेधडक चिरडले होते. हा दोन पायांवर उभा, म्हणजे तिच्या लेखी माणसातला.

"खोटा हाय तो. नुसतं चित्र हाय," मी चिडून म्हटलं.

"असू दे. पाय तं मायाच लागला ना."

मग रोज दुपारी तेच. उडी, नमस्कार, सोटा. सोड म्हटलं, दुसरा खेळ लावू, तर माझ्यावरच उखडली. "या भैताडाले पाडल्याबिगर मी उठत नाही." काय ही बाई! रोज हरत होती, तरी मला तिचा अभिमान वाटायचा. माझ्या वेळी मी तर कंट्रोलर कितीदा आपटला होता.

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा तिनंच तोड काढली. "आंधी पाडीन, मंग एकदमच पाया पडीन." त्या दुपारी पहिली उडी बसली. डावा हात हलला, पण तिनं तो आवरला. दुसरी बसली. तिसरीला राक्षस पुलावरून कलंडला आणि सोट्यासकट पाण्यात गेला.

मी टाळ्या वाजवायला वळले. आई पुढं वाकली होती. डाव्या हातात कंट्रोलर तसाच धरून तिनं दुसरा हात टीव्हीच्या काचेला लावला, मग सावकाश कपाळाला टेकवला.

उजवा हात.

तिच्या ते ध्यानातही आलं नाही. माझ्या मात्र डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काहून रडून राहिली?" ती म्हणाली. "लागलं नसन त्याले. पाण्यात पडला ना तो."

"तुया हात पाह्य. कोणता उचलला?"

कपाळावरचा हात तिनं डोळ्यांसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. बोटं मिटली, उघडली.

मग म्हणाली, "जाय, शेवंती घेऊन ये. अन् सुईदोरा."